तोंडपाठ आभार

"चांगला ड्रेस काढ. फाटका घाल."

मुख्याध्यापक माझ्याकडं न बघताच बोलले. सगळ्या वर्गापुढं. मी दहावीत होते. खांद्यावर उसवलेला माझा जुना ड्रेस त्यांनी चुलतीकडून मागवून घेतला होता. लातूरचे क्लासवाले सर येणार होते. भूकंपात आई-बाप गेलेल्या एका मुलीला ते फुकट शिकवणार, होस्टेलात ठेवणार. शाळेनं माझं नाव दिलेलं. मला डॉक्टर व्हायचं होतं. चुलतीच्या घरातून ते व्हायचं नव्हतं. गपगुमान फाटका घातला.

त्याआधी आठ दिवस भाषण घोकून घेतलं होतं. 'सर, तुम्ही नसता तर मी आज जिवंत नसते.' ह्या वाक्याला हुंदका द्यायचा. नीट आला नाही की परत म्हण. मेलेल्या आईच्या नावानं खोटं रडायचं. शी! घरी जाऊन मी चुळा भरायचे.

जिवंत कशी राहिले ते मला चांगलं ठाऊक होतं. तेव्हा सहावीत होते. घराच्या दगडमातीखाली गाडलेली. एका माणसानं नुसत्या हातांनी उपसून मला बाहेर ओढलं, तोंडातली माती बोटानं काढली. मला ट्रकात घातलं अन् तो पुढचा ढिगारा उपसायला गेला. कोण, कुठला, काही माहीत नाही.

आणि तोच आता आमच्या शाळेचं दगडी कुंपण बांधायला आलेला. भोकरकडचा पाथरवट. चुलतीनं तोंडवळा ओळखला, तेव्हा ट्रकापाशी तिनं त्याला बघितलेलं. ह्योच त्यो, म्हणाली. दोन दिवस मी त्याच्या जवळून ये-जा केली. तोंड उघडेना. परक्या माणसाला असं काय म्हणायचं असतं? आमच्या घरात कुणी कधी म्हटलंच नव्हतं. आभार मानायचे ते खुर्चीवरच्या माणसाचे, शाळेनं एवढंच शिकवलेलं.

सर आले. हार झाले, शाल झाली, नारळ झाला. काम थांबवायला लावलं म्हणून पाथरवट मंडपात मागच्या खुर्चीवर टेकला होता. शिपायानं त्याला दंडाला धरून उठवलं. खुर्ची फडक्यानं पुसली आणि सरांच्या ड्रायव्हरला दिली. पाथरवट खाली मातीत बसला.

माईक हातात आला. मुख्याध्यापकांनी हुंदक्याची खूण केली.

मी म्हणाले, "सरांना मी आजच बघितलं. मला ढिगाऱ्यातून काढलं ते मामा तिथं खाली बसलेत. मामा, तुमच्यामुळं मी हाय."

माना वळल्या. तो उठला.

"तू जगलीस व्हय, माय? मला वाटलं, ट्रकातच गेली असशील."

आणि तो माणूस सगळ्यांदेखत रडला. एवढी वर्षं तो मला मेलेली समजत होता. आणि मी दोन दिवस लाजत फिरत होते. माझीच मला किळस आली.

सर भाषण न करताच गाडीत बसले. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. "कृतघ्न. तुम्हा लोकांची लायकीच नाही." होस्टेलची जागा दुसऱ्या गावच्या मुलीला गेली. तिनं भाषण चांगलं केलं असणार. मी डॉक्टर झाले नाही. त्याचं वाईट आजही वाटतं, खोटं कशाला बोलू.

मी आता अर्धापूरजवळ एका शाळेत शिकवते. वह्या वाटणारे इथंही येतात, क्लासचे बॅनर घेऊन. मागच्या आठवड्यात एकजण म्हणाला, पायात चप्पल नसलेलं पोरगं द्या मॅडम, फोटोत हात जोडून चांगलं दिसतं. मी वह्यांचा गठ्ठा उचलला आणि त्याच्या गाडीत नेऊन टाकला.

हेडमास्तर नोटीस देईन म्हणतात. द्या. माझ्या वर्गातलं एकही लेकरू कुणापुढं हात जोडून उभं राहणार नाही. वह्या नसल्या तर पाटीवर शिकवीन.