विहिरीतली गंगा

काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत एक जण गंगाजळाचे गडू विकत बसे. गडू भरायचा, तोंड कथलाने झाळून बंद करायचं आणि आधी स्वतःच्या कपाळाला लावून मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. इंग्रजांची रेल्वे झाल्यापासून दक्षिणेतले यात्रेकरू रोजच येत. गडू घरी नेऊन ते देवापाशी ठेवत, मरणाऱ्याच्या तोंडात त्यातलंच पाणी घालत. हा मात्र ते मागच्या विहिरीतून भरी.

एका पावसाळ्यात मी हे पाहिलं आणि त्याला हटकलं. तोही माझ्यासारखाच काशीत वाढलेला मराठी माणूस. तो जराही ओशाळला नाही.

"पंडितजी, गंगा सध्या गढूळ आहे. खरं पाणी दिलं की यात्री मलाच बेईमान म्हणतात. त्यांच्या समाधानासाठी करावं लागतं हे."

मला ते जवळजवळ पटलं.

माघात गंगा नितळ झाली. तो विहिरीवरच होता. मी नदीकडे बोट दाखवलं.

"हो, पण पायऱ्या किती आहेत बघा ना," तो म्हणाला.

मग त्याने गंगेकडे वळून, डोळे मिटून मनोभावे हात जोडले आणि विहिरीत पोहरा सोडला.