याजकाच्या लेकीचं ताट

आमच्याकडे देवीची पूजा वंशाने येते. चिखलीच्या वेशीबाहेर जे देवीचं मंदिर आहे, त्याचे आम्ही पुजारी. आम्ही म्हणजे एक घर नव्हे, चुलत-निमचुलत धरून बारा घरं. प्रत्येक घराकडे वर्षातून दोनदा पंधरवडाभर पूजेची पाळी येते. कुणानंतर कुणाची, हे खापरपणजोबांच्या काळात देवीसमोर चिठ्ठ्या टाकून ठरलं आणि तेव्हापासून त्यात कुणी बोट घातलेलं नाही. बांधावरून आमच्या भाऊबंदांत डोकी फुटली आहेत, पण पाळीवरून कधी नाही.

पाळीचे नियम कडक. नैवेद्याचा स्वयंपाक त्या घरच्याच बाईने करायचा. पुजाऱ्याने पूजेला बसल्यापासून नैवेद्याचं जेवण उरकेपर्यंत मौन पाळायचं. आणि देवीपुढचं ताट घरी न्यायचं नाही. मंदिराच्या ओवरीत पत्रावळी मांडून घरच्यांनी तिथेच वाटून खायचं. बाकी सगळ्यांना प्रसाद, तळहातावर. लग्न होऊन गेलेली लेकही त्या बाकीच्यांतच येते. तिची ओटी भरतात, कौतुक करतात, आणि पुरणाचा गोळा तळहातावर ठेवतात.

माझं लग्न मोडलं आणि मी माहेरी परत आले. इथल्याच शाळेत नोकरी मिळाली, त्यामुळे खाण्याचा प्रश्न नव्हता. आल्यानंतर आमची पहिली पाळी लागली, तेव्हा मी आपली आईच्या शेजारी ओवरीत बसायला गेले. पाळी सोपवायला मागच्या घराचा कर्ता हजर असतो. आमच्या आधीचं घर काकांचं. ते म्हणाले, "बाई, तू तिकडं हो. कोर्टानं कागद देल्ला, पन गोत्र काई वापस येत नाही." काका दुष्ट नाहीत. मला सायकल त्यांनीच शिकवली होती. बाबा मौनात होते. त्यांनी पुरण माझ्या तळहातावर ठेवलं आणि मान खाली घातली. मी खांबापाशी उभी राहून ते खाल्लं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सासरच्यांनी बाहेर काढलं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं, कारण ते तसलेच आहेत हे मला ठाऊक होतं.

आमच्या घराला लागून एका पाळकांचं घर आहे. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. ते वारले, मुलगा पुण्यात कंपनीत लागला, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या मावशी, एकट्याच राहतात. मावशींची नजर गेल्या हिवाळ्यात फारच अधू झाली. एक दिवस भिंतीपलीकडून हाक आली, "बाई, तुह्या शाळेतल्या पोरायले वाचून दाखवतं, मले का नाही दाखवत?" तेव्हापासून शाळा सुटली की मी त्यांच्या अंगणात बसून बायबल वाचू लागले. कानानेही त्या कमीच, त्यामुळे वाचायचं म्हणजे ओरडायचं. पलीकडे आमच्या ओट्यावर बाबा सुपारी कातरत बसलेले असत. त्यांना ऐकू जात होतं की नाही याचा मी विचारच केला नव्हता.

मला वाटलं होतं, मावशी मला चमत्कार नि दृष्टांत वाचायला लावतील. पण त्यांना आवडायच्या नावांच्या याद्या. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. चर्चमध्येसुद्धा लोक ती पानं उलटून पुढे जातात म्हणे. त्यांच्या यजमानांना मात्र याजकांच्या वंशाचं फार वेड. याजक म्हणजे त्यांचा पुजारी. दरवर्षी ते त्यावर प्रवचन द्यायचे आणि निम्मी मंडळी पेंगायची, असं मावशी हसत सांगायच्या.

मी पेंगले नाही. पुजाऱ्याची पोर मी, मला त्या याद्या आमच्या घरच्याच वाटल्या. याकोबाच्या बारा मुलांतला एक लेवी, त्याच्या कुळात अहरोन, आणि अहरोनाच्या वंशाकडे पूजा. एके दिवशी अहरोनाच्या नातवंडा-पतवंडांचे चोवीस वर्ग कसे पाडले ते वाचत होते. कुणाचा वर्ग आधी, कुणाचा नंतर, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. मी पुस्तक मांडीवर आपटलं. "मावशी, ही तर पाळी झाली!"

"मंग? तुले काय वाटलं, तुमीच शहाणे?"

"पण भांडणं नाही झाली?"

"झाली असतीन. भाऊ हायेत म्हटल्यावर होतेच. म्हणून तं चिठ्ठ्या."

मावशींचं म्हणणं साधं होतं. लेवीला जमीन मिळाली नाही. बाकी सगळ्या भावांना शेतं वाटून दिली आणि याला सांगितलं की देव हाच तुझा वाटा. वंश म्हणजे मोठेपणा नाही, देवापुढचा दिवा कुणाच्या लहरीवर राहू नये म्हणून केलेली सोय आहे. ज्याने त्याचा मोठेपणा केला त्याचं घर बसलं. एली नावाच्या याजकाची पोरं तशीच निघाली. देवाला वाहायच्या आधीच मांसाचे चांगले तुकडे काढून घ्यायची. त्यांचा किस्सा मी दोन बैठकांत वाचला. पहिल्या संध्याकाळी जेवताना बाबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "त्या एलीच्या पोरायचं पुढं काय झालं?"

मी बघतच राहिले. मग कळलं, हे गृहस्थ हिवाळाभर ओट्यावर बसून पारायण ऐकून राहिले होते, आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"मेले दोघं. एकाच दिवशी," मी म्हटलं.

"मरतीनच," बाबा म्हणाले. "नैवेद्याच्या आधी तोंड घालते म्हंजे काय!" आणि वरण वाढायची खूण केली.

मला सर्वांत जवळचा वाटला तो बर्जिल्लयाचा जावई. हा याजकाच्या कुळातला, पण बायको मोठ्या घरची, म्हणून आडनाव सासऱ्याचं लावलं. पुढे देशोधडीला लागलेले लोक परत आले तेव्हा त्याच्या वंशजांनी पूजा मागितली. वंशावळीत नावच सापडेना. मग सांगण्यात आलं, तूर्त तुम्ही पवित्र अन्न खायचं नाही. मी वाचता वाचता म्हटलं, "आडनाव बदलण्याचा उपद्व्याप बाप्यांनी केला तरी फळ तेच!" मावशी हसल्या नाहीत. त्यांना ओवरीतलं माहीत होतं. आमच्या आळीत कुणाच्या घरी काय शिजलं हेही माहीत असतं, तिथे हे कसं राहील?

दुसऱ्या दिवशी मी बसले तर त्या म्हणाल्या, "आज लेवीय काढ. बाविसावा अध्याय."

काढला. त्यात याजकाच्या घरी पवित्र अन्न कुणी खावं याचे नियम होते. परक्याने खाऊ नये. पाहुण्याने, मजुराने खाऊ नये. याजकाची लेक परक्या घरात दिली असेल तर तिनेही खाऊ नये. मला वाटलं, झालं, घरोघरी मातीच्या चुली. चिडूनच पुढची ओळ वाचायला घेतली आणि मधेच थांबले. तीच लेक विधवा होऊन किंवा नवऱ्याने टाकल्यामुळे बापाच्या घरी परत आली असेल, आणि तिला मूलबाळ नसेल, तर तिने लहानपणी खात होती तसं बापाचं अन्न खावं, असं तिथे लिहिलं होतं.

"थांबली काऊन?" मावशी म्हणाल्या. "मले ऐकू नाही आलं. परत वाच. जोऱ्यानं."

त्यांना ऐकू आलं होतं. ज्या ओळी त्या अध्यायाच्या आकड्यासकट सांगतात, त्या त्यांना ऐकायची काय गरज? मी परत वाचलं, जोऱ्यानं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मूल नाही म्हणून ज्या सासरी मी वर्षानुवर्षं बोल खाल्ले, तेच नसणं इथे माझ्या बाजूने उभं होतं. कुठल्या देशातली, कुठल्या काळातली ती याजकाची लेक, पण परत आल्यावर कुणीतरी तिच्या ताटाचा विचार केला होता आणि तो नियमात घालून ठेवला होता. भिंतीपलीकडे अडकित्त्याचा आवाज थांबला होता.

आमची देवी काही लेवीयाचा अध्याय वाचून चालत नाही, एवढं मला कळतं. दुसऱ्याच्या शास्त्राचा दाखला देऊन आपल्या घरात जागा मागणं माझ्या स्वभावात बसत नाही. पण मी ठरवलं होतं की खांबापाशी उभी राहणार नाही. ओवरीत जागा नसेल तर मी मंदिरात जाणारच नाही.

पाळी आली त्या सकाळी आई म्हणाली, "बाबा म्हणे, तुले घेऊन ये. नक्की ये." म्हणून गेले. पूजा झाली, आरती झाली, घंटा थांबली. मावशींनी एकदा जखऱ्या नावाच्या म्हाताऱ्या याजकाची गोष्ट वाचून घेतली होती. आपल्या पाळीत धूप जाळायला तो आत गेला आणि बाहेर आला तो मुका होऊन. लोक वाट बघत होते, आणि तो नुसत्या खुणा करत होता. बाबा गाभाऱ्यातून ताट घेऊन बाहेर आले तेव्हा मला तो आठवला.

त्यांनी पत्रावळी मांडल्या. एक स्वतःची, एक आईची. मग तिसरी मांडली आणि तिच्यावर पुरण वाढलं, भात वाढला, वर तूप सोडलं. पाळी सोपवायला मंदिराची किल्ली हातात धरून उभे असलेले काका म्हणाले, "दादा, हे काय करून राह्यले? तिले हातावर द्याचं असते."

बाबा मौनात होते. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिसऱ्या पत्रावळीसमोरची जमीन तळहाताने पुसली.

मी बसले. काका किल्ली बाबांच्या शेजारी ठेवून पायरीवर जाऊन बसले, पण निघून गेले नाहीत. आम्ही तिघं जेवलो. मी पत्रावळीवर शीतही ठेवलं नाही.

जेवण उरकलं, बाबांनी हात धुतला आणि मौन सुटलं. काका पायरीवरून वळून बघत होते. मला वाटलं, आता बाबा त्यांना काहीतरी सांगतील, समजावतील, कदाचित अध्यायही सांगतील. बाबांनी उपरण्याला हात पुसले आणि मला म्हणाले, "उद्याच्या नैवेद्याचं पुरण पाट्यावर तू वाट. तुह्या मायचा हात दुखते."