किशोरच्या खिशातली पकड

आमच्या किशोरला स्वस्थ म्हणून बसता येत नाही. जेवताना गुडघा हलतो, टीव्ही बघताना बोटं हलतात, आणि बोटांना काही काम नसलं की खिशातली पकड बाहेर येते. खट उघड, खट मीट. मी त्याची थोरली बहीण, नंदा. मला दहिवलीला दिलंय, पण कळंबला माहेरी गेले की तासाभरात त्या खटखटीनं माझं डोकं उठतं. आई म्हणते, "असू दे गं, हात रिकामा ऱ्हायला की त्याला कायतरी होतं." लाडावून ठेवलाय तिनं, दुसरं काय.

पकड म्हणायची आपली आमची सवय. मिटली की तळहातात मावते, उघडली की पकड, आणि तिच्या दोन दांड्यांत चाकू, कानस, करवत, स्क्रू ड्रायव्हर, डबा फोडायचं पातं असं काय काय दडलेलं. भीमाशंकरच्या वाटेवर एका ट्रेकरच्या बुटाचा तळ सुटला होता, तो किशोरनं तारेनं बांधून दिला. त्या माणसानं खूश होऊन ही पकड दिली, आणि वर तिची गोष्टही सांगितली. पूर्वी तिकडं स्वित्झर्लंडच्या सैनिकांना जेवणाचे डबे फोडायला आणि बंदूक खोलायला एकच हत्यार हवं होतं, म्हणून एका चाकूत बाकीची पाती बसवली. पुढं कित्येक वर्षांनी एक अमेरिकन माणूस जुनी गाडी घेऊन फिरायला निघाला. गाडी सारखी बिघडायची, खिशात नुसता चाकू, पकड कुठून आणणार? घरी आल्यावर तो पकडीच्या पोटातच चाकू बसवायच्या मागे लागला आणि त्यात त्याची वर्षं गेली. किशोर ही गोष्ट अशी सांगतो, जणू तो माणूस आमच्याच आळीतला.

किशोर वायरमन. कळंबच्या आसपासच्या रिसॉर्टमध्ये वायरिंग बघतो, नळ बघतो, पंप बघतो. त्या पकडीनं त्यानं वायरी सोलल्या, बैलाच्या खुरातला खिळा उपसला, गणपतीत आरतीच्या वेळी मुका झालेला माईक बोलता केला. पण ती दुसऱ्याच्या हातात म्हणून देणार नाही. "काय करायचंय ते सांग, मी करतो." त्यामुळं जिथं पकड तिथं किशोर, आणि घरी किशोर कधीच नाही.

अशा माणसाचं लग्न जमायचं कसं? नेरळला मुलगी बघायला गेलो, तर हा पोह्यांची बशी अर्धी सोडून त्यांच्या मिक्सरच्या मागे लागला. जोडल्यावर एक स्क्रू उरला. त्यांचा नकार आम्ही घरी पोचायच्या आत आला. दुसऱ्या ठिकाणी मुलीच्या बापानं आधी पंप दुरुस्त करून घेतला आणि मग नाही म्हणाला. मला असा संताप आला होता, सांगू नका.

मग कुंभिवलीची तेजश्री. तिथल्याच कंपनीत पॅकिंगला जाते, बोलायला खमकी. किशोरनं तिला स्वित्झर्लंडपासून सगळी गोष्ट सांगितली. तिनं नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "मग त्याची बायको काय म्हणाली? तो एवढी वर्षं पकडीच्या मागं व्हता तवा?" परत येताना गाडीत किशोरची खटखटसुद्धा बंद होती.

तिनं होकार दिला, पण साखरपुड्याला माझ्यादेखत त्याला बजावलं. "तुमी सगळ्यांच्या हाकेला धावता, चांगलं हाय. पर लग्नाच्या दिवशी कुनाच्या बी हाकेला उठलात, तर जन्मभर हेच चालनार असं मी समजेन. मी आत निघून जाईन, मग कितीबी मनवा." ती बोलेल तसं करणारी होती. किशोरची पस्तिशी उलटलेली. हे लग्न मोडलं तर आई अंथरूण धरेल, ही काळजी मला तेव्हापासून.

हळदीच्या संध्याकाळी आणखी एक घोळ. आमच्यात हळद लागली की नवरदेवानं हातातलं लोखंड सोडायचं नाही. कट्यार धरायची, तिच्या टोकाला लिंबू खोचायचं. ती आणायची जबाबदारी कमलेशची, माझ्या नवऱ्याची, आणि तो ती साफ विसरला. किशोरनं लगेच पकड काढून चाकूचं पातं उघडलं आणि पाटावर ठेवली. आईनं पाटावरूनच उचलली, कारण धारेची वस्तू हातातून हातात दिली की दोघांची भांडणं होतात. तिनं टोकाला लिंबू खोचून ती पुन्हा पाटावर ठेवली.

सकाळपर्यंत लिंबाचा रस पात्यावरून थेट बिजागरीत उतरला, त्यात हळद. किशोर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "ताई, लिंबू काढू का गं? आतून गंजंल." मी म्हटलं, "हात लावून बघ, आई तुलाच गंजवेल."

लग्न कुंभिवलीला, हायवेलगतच्या हॉलमध्ये. मुहूर्त जवळ आला, किशोर मुंडावळ्या बांधून खुर्चीत, हातात लिंबू लावलेली पकड, गुडघा तुफान हलतोय. आधी स्पीकरनं घरघर केली. किशोर उठला नाही. मग जनरेटर खोकला. त्यानं डोळे मिटून घेतले, पण उठला नाही. मी देवाचे आभार मानत होते, तेवढ्यात तेजश्रीची मैत्रीण भाविका धावत आली. तिच्या हातात दाराची मूठ. गजरा आणायला बाहेर पडताना तिनं दार ओढलं, तर मूठच निघून आली. नवरी आत एकटी, दार आतूनही उघडेना. कमलेश म्हणाला, फोडू दार. आई म्हणाली, नवरीच्या खोलीचं दार फोडतात का कधी?

सगळे किशोरकडं बघायला लागले.

"मी उठनार नाय," तो म्हणाला. "शब्द दिलाय."

"अरे मूर्खा, तीच अडकलीय," मी म्हटलं.

"कुनाच्या बी हाकेला, असं म्हनालीय ती. तू तिला इचार."

मी शालू सावरत दारापाशी गेले. "तेजश्री, येऊ का म्हणून विचारतोय गं."

आतून आवाज आला, "या म्हनावं. हाक मी मारलीय."

तो आला, दार बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. कुलपाचे स्क्रू आतल्या बाजूनं होते. बाहेरून तो काही करू शकत नव्हता. दाराखाली दोन बोटांची फट तेवढी. तो हातातल्या पकडीकडं बघत उभा राहिला. कधी सख्ख्या बहिणीला दिली नव्हती त्यानं ती.

मग त्यानं लिंबू उपसलं. आई ओरडणार होती, पण तिनं त्याचं तोंड बघितलं आणि बाजूला सरकली. जोर लावून त्यानं पातं मिटलं, खाली वाकला आणि पकड दाराखालून आत सरकवली.

"चपटं पातं काढ. त्यानं कुलपाचे स्क्रू फिरव."

"निघत नाय. चिकटलंय सगळं."

"लिंबाचा रस गेलाय आत. तेल हाय का?"

"केसाचं हाय."

"दोन थेंब सोड. हलव. आनखी हलव. घाई करू नको."

घाई करू नको. किशोरच्या तोंडून हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. इकडं त्याच्या मुठीत त्या लिंबाचा पार चोथा झाला होता. बाहेर भटजी हाका मारत होते, माझा जीव टांगणीला, आणि आतून नुसती खुडबुड. एकदा वाटलं रडतेय की काय. मग ओळखीचा आवाज आला. खट.

एकेक करून स्क्रू खाली पडले आणि दार उघडलं. पिवळ्या साडीत तेजश्री उभी, गालावर तेलाचं काळं बोट उमटलेलं. तिनं पकड मिटली आणि किशोरपुढं धरली.

आई पुढं झाली. "हातात नको देऊ गं, खाली ठेव. भांडनं व्हतील."

"व्हऊ देत की," तेजश्री म्हणाली. "भांडायला तरी घरी थांबतील." आणि तिनं पकड त्याच्या हातात दिली.