प्लगला कुंकू

बेलापूरजवळच्या आमच्या वस्तीपासून साखर कारखाना दोन मैलांवर होता. माझा थोरला भाऊ, दादा, तिथं वजनकाट्यावर कारकून होता. आधी तो सायकलवर जायचा आणि वेळेवर पोचायचा. एकाहत्तर साली त्यानं कुणाची तरी जुनी फटफटी घेतली आणि तेव्हापासून तो रोज उशिरा पोचू लागला.

गाडीबरोबर काळा गॉगल आला, कातड्याचं जाकीट आलं. भर वैशाखात ते जाकीट घालून, घामानं निथळत तो कारखान्यावर जायचा, आणि याचं त्याला कौतुक वाटायचं. संध्याकाळी त्याचे तिघे मित्र यायचे. गाडी अंगणाच्या मधोमध आणि हे चौघं भोवती उकिडवे. एकजण इंजिनाला कान लावून म्हणायचा, ‘टायमिंग मागं हाय.’ दुसरा म्हणायचा, ‘पुढं हाय.’ यावर दिवेलागणीपर्यंत वाद चालायचा. गाडीवर बसून कुणी कुठं जात नसे. चौघांपैकी एकानंही जन्मात स्वतःची कपबशी विसळली नव्हती, पण कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुवायचा म्हटलं की चौघं बाह्या सरसावून तयार. चहा मीच नेऊन द्यायची. माझ्याकडे वर मान करून कुणी पाहत नसे.

त्या वर्षी मी नगरच्या अध्यापक विद्यालयात अर्ज केला होता. वडील नव्हते. मामानं ठरवूनच ठेवलं होतं की जागा मिळाली तर ठीक, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर हिचं उरकून टाकू. वस्तीवर पोस्टमन आठवड्यातून एकदाच यायचा, म्हणून अर्जावर मी दादाच्या कारखान्याचा पत्ता घातला. रोज संध्याकाळी विचारायची, ‘काही आलं का?’ तो नटाला तेल देत ‘न्हाई’ म्हणायचा.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. विळा, खुरपं, फाळ पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दिवसभर त्यांना काम सांगायचं नाही. दादानं पहाटे उठून गाडी धुतली, तिला माळ घातली. तेवढ्यानं भागेना, म्हणून प्लग काढून पाटावर मांडला. म्हणे हा गाडीचा जीव, याच्या ठिणगीवरच ती पेटते. आईनं टिकलीएवढं कुंकू लावलं, तर यानं स्वतःच्या हातानं प्लगच्या टोकापर्यंत ओलं कुंकू भरलं, हात जोडले, आणि प्लग परत जागेवर बसवला.

मग मला म्हणाला, पान्यांचा डबाही पाटावर ठेव. मी डब्यातले पाने काढले. तळाशी तेल टिपायला एक पाकीट पसरलेलं होतं. त्यावर माझं नाव होतं.

‘आरं, हे व्हय!’ दादा म्हणाला. ‘चार दिस झालं येऊन. द्यायचं ऱ्हायलंच बघ.’

पाकीट फोडलेलंही नव्हतं. आतल्या कागदावर पान्याचा तेलकट ठसा उमटला होता, पण अक्षरं वाचता येत होती. मला जागा मिळाली होती. मूळ दाखले घेऊन आज दुपारी एकपर्यंत हजर राहायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

आठ वाजले होते. नगरची एस.टी. बेलापूरहून सव्वानऊला सुटायची. बेलापूर तीन मैल.

‘दादा, मला गाडीवर सोड.’

‘पूजा झाली. आज हलवायची न्हाई.’

आई उठली, गाडीची माळ काढली, पदरानं टाकीवरचं कुंकू पुसलं आणि म्हणाली, ‘देवाचं मी बघते. काढ भायेर.’

त्यानं काढली. किक मारली. पुन्हा मारली. मी दाखल्यांची पिशवी छातीशी धरून उभी. तिघे मित्र दसऱ्याची आपट्याची पानं आणायला निघाले होते, तेही थांबले. एक म्हणाला पेट्रोल चढत नाही, दुसरा म्हणाला हवा जास्त होतेय, तिसऱ्यानं इंजिनाला कान लावला. बंद इंजिनाला! दादा दर वेळी म्हणायचा, ‘थांब, आता व्हईल,’ आणि मी थांबायची. याच मूर्खपणाचा राग मला अजून येतो. आठ वाजताच चालू लागले असते तर एस.टी. आरामात मिळाली असती.

नऊला मी निघाले, धावतच. एस.टी. गेली होती. कांद्याच्या ट्रकमध्ये बसून नगरला पोचले तेव्हा अडीच वाजले होते. कारकुनानं यादी माझ्यापुढं फिरवली. माझ्या नावावर रेघ होती आणि खाली दुसरीचं नाव लिहिलं होतं. शाई वाळलेली होती.

दिवस मावळता परतले. अंगणात फटफटी धडधडत होती आणि चौघं तिच्याभोवती टाळ्या पिटत होते. मला पाहून दादा ओरडला, ‘सापडलं गं! प्लगमदी कुंकू! पुसला आन् येका किकमदी चालू!’ त्याला खरोखर वाटलं, मलाही आनंद होईल. काय झालं नगरला, हे त्यानं विचारलं नाही. आईनं विचारलं.

तुळशीच्या लग्नानंतर माझं उरकलं. पंगतीत दादानं व्याह्यांना ही गोष्ट सांगितली, किक मारून दाखवत, हात जोडून दाखवत. सगळी पंगत हसून लोळली. माझा नवरा सरळ माणूस. त्यानं विचारलं, ‘पण एवढी घाई कशाची होती?’

दादा थबकला. आठवू लागला.

‘हिचं कायतरी काम हुतं नगरला,’ तो म्हणाला, आणि पुन्हा प्लगकडे वळला.