बिनधुराच्या जनरेटरचं सर्टिफिकेट

आमच्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात भंगार साठतं. पण ते न्यायला भंगारवाला तरी येतो, वजन करतो, चहा पिऊन जातो. सरकारी कागदांपायी माझ्याकडे जे किस्से साठलेत, ते उचलायला आजवर कुणी आलेलं नाही! म्हणून म्हटलं, एकदा तुमच्यापुढेच ओतावेत.

मी मूळचा दुकानदार. शाळा लवकर सुटली आणि सोलापुरात इंजिनाचे सुटे भाग विकायला बसलो. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाता खाता इंजिन कळत गेलं. पुढे मल्लिनाथ भेटला. हा अक्कलकोटकडचा मिस्त्री, आता माझा पार्टनर. आम्ही दोघं छोटे डिझेल जनरेटर बनवतो. मल्लिनाथला राग आला की तो कन्नडमधून बोलतो, त्यामुळे पुण्याच्या ऑफिसात न्यायला माणूस एकदम सोयीचा. तिसऱ्या आमच्या वनिता मॅडम. जुळे सोलापूरहून स्कूटीवर येतात आणि सगळी कागदपत्रं बघतात.

धुराचे नवे नियम आले. माझी त्याला ना नाही, धूर वाईटच. आम्ही नवं मशीन घडवलं. धुराड्यापुढे हातरुमाल धरा, पांढराच राहतो! पण सरकारनं सर्टिफिकेट दिल्याशिवाय त्यातलं एकही विकायचं नाही. जुन्या मशीनचं सर्टिफिकेट संपलेलं, नव्याचं येईना. तयार माल शेडमध्ये रांगेनं उभा. टेंभुर्णीच्या मंडपवाल्यानं मोठी ऑर्डर देऊन ठेवलेली आणि वर दम दिलेला, "आप्पा, लग्नसराई सुरू व्हायच्या आत माल पायजे. न्हायतर मी दुसरीकडं बघतो, मग रुसायचं न्हाय!"

ती ऑर्डर गेली असती तर शेडला कुलूप लागलं असतं. एवढं ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

*

अर्जात पहिलाच प्रश्न होता, 'इंजिनाचे कुटुंब'. त्याखाली दुसरा, 'पालक इंजिन कोणते?'

आता एकाच घडणीची लहानमोठी इंजिनं असली की त्यांना 'फॅमिली' म्हणायचं आणि त्यातलं जे तपासायचं ते 'पेरेंट', अशी ती भानगड आहे. आमचं इंजिन एकच, एकुलतं एक. मल्लिनाथ म्हणाला, "लिवा की, पालक न्हाय."

उत्तर आलं, 'पालकाशिवाय अर्ज स्वीकारता येणार नाही.'

आम्ही कळवलं, हे इंजिन स्वतःच स्वतःचं पालक आहे. त्यावर पत्र आलं, 'पालक आणि पाल्य एकच कसे, याचा खुलासा करावा.'

मी कपाळाला हात लावला. मल्लिनाथ शांतपणे म्हणाला, "आप्पा, अनाथाश्रमाचा दाखला जोडू काय?"

*

मग पोर्टल. 'सिलिंडर किती?' या प्रश्नाला खाली उत्तरं तयारच होती, दोन, तीन, चार, सहा. एक नाहीच! अरे, आख्ख्या देशात उसाच्या रसवाल्यापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळे एका सिलिंडरच्या इंजिनावर पोट भरतात आणि पोर्टल बनवणाऱ्याला ते माहीतच नाही?

वनिता मॅडमनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड होता. "मॅडम, दोन सिलेक्ट करा आणि रिमार्कमध्ये एक लिहा."

"रिमार्क कोण वाचतं पण?"

"कोणीच नाही मॅडम, म्हणून तर सांगतोय!"

तसंच केलं. थोड्या दिवसांनी ऑफिसातून फोन, "फोटोत तुमचा दुसरा सिलिंडर दिसत नाहीये."

मॅडमचा पारा चढलेला. म्हणाल्या, "दुसरा गॅस एजन्सीत आहे, साहेब. नंबर लावलाय, अजून भरून आला नाही!"

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला आणि मग साहेबांचा, "बरं. आला की कळवा."

*

वैतागून आम्ही पुण्याचा एक सल्लागार गाठला. माणूस सोलापुरात कधी आला नाही, फक्त इंग्रजीत मेल पाठवायचा. एकदा त्याचा मेल आला, 'प्लीज रिव्हर्ट अर्जंटली.' म्हणजे लवकर उत्तर द्या.

त्या दिवशी मॅडम रजेवर आणि मी बाजारात. मल्लिनाथला इंग्रजी गिअरपुरतं येतं. त्यानं 'रिव्हर्ट' वाचलं, त्याला 'रिव्हर्स' कळलं. मला फोन केला, "आप्पा, उलटं करा म्हनतेत. काय उलटं करू?"

मी दुकानात घासाघीस करत होतो. बोललो, "त्यांना जे काय पाहिजे ते कर बाबा!"

पठ्ठ्यानं आख्खी फाइल सोडली, शेवटचं पान पहिलं आणि पहिलं पान शेवटी लावलं आणि कुरिअर केली.

याआधी तीच फाइल सरळ पाठवली होती, तेव्हा दर वेळी त्रुटी काढून परत आली होती. उलटी पाठवली ती पहिल्या फटक्यात तपासणीसाठी मंजूर!

*

तपासणीला उशीर का, असं विचारलं, तर पुण्याला सुनावणी लागली. समोर मोठे साहेब. धूर माणसाच्या फुप्फुसात कसा जातो यावर त्यांनी आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं धरलं. "तुम्ही छोटे लोक, तुम्हाला फक्त धंदा दिसतो!"

एवढ्यात लाइट गेली. इमारतीच्या मागे काहीतरी धडधडलं आणि खिडकीतून काळाकुट्ट लोट आत आला. साहेब खोकले, उठले, स्वतःच्या हातानं खिडकी लावली, बसले आणि म्हणाले, "हां, तर फुप्फुसं."

मल्लिनाथ कन्नडमधून बोलायला लागला. मी त्याला धरून बाहेर काढलं. मागे जाऊन बघतो तर एक म्हातारा जनरेटर. त्याच्यावर कसली पाटी नाही, नंबर नाही, काही नाही.

तिथल्या शिपायाला विचारलं, "याचं सर्टिफिकेट कुठं आहे हो?"

तो म्हणाला, "याचं कसलं सर्टिफिकेट? तुमची सर्टिफिकेटं छापायला हाच लागतो की!"

*

सरकारवर एकट्यावर कशाला चिडू? जेऊरचे एक तात्या आहेत, पिठाच्या गिरणीचे मालक, माझं जुनं गिऱ्हाईक. सर्टिफिकेट येईस्तोवर निदान मशीन तरी बघून जा, म्हणून त्यांना बोलावलं. चालू करून दाखवलं. तात्या धुराड्याकडे बघत उभे. बराच वेळ.

"आप्पा, धूर कुटं हाय?"

"नाहीच तात्या! तेच तर नवीन आहे!"

तात्यांचं तोंड उतरलं. "मग माझ्या काय कामाचं? लाइट गेली तरी माझ्या जनरेटरचा धूर वाड्यावस्त्यांवरनं दिसतोय. धूर दिसला की बाया दळन घिऊन निगत्यात. ह्यो लावला तर गिरनी चालू हाय हे त्यास्नी कळायचं कसं?"

मी म्हटलं, "फोन करून सांगा."

"फोन त्यांच्या नवऱ्याकडं असतोय, आप्पा. धूर सगळ्यास्नी दिसतोय!"



*

एक किस्सा मात्र सांगताना हसू येत नाही.

बिरा म्हणून आमचा वेल्डर होता, सांगोल्याकडच्या धनगराच्या घरातला. हात असा की जोड कुठं दिला ते बोट फिरवूनही कळू नये. माल हलेना म्हणून मी माणसांना एक दिवसाआड बोलवायला लागलो होतो. एक दिवस बिरा वेल्डिंगचा चष्मा टेबलावर ठेवून समोर उभा राहिला.

"आप्पा, जातो गावाकडं. शेरडं वळतो."

"अरे, सर्टिफिकेट येतंय. थोडं थांब."

"थांबलो की लई. शेरडांचं एक बरं हाय, आप्पा. त्यास्नी सर्टिफिकेट लागत न्हाय."

आणि गेला. धुराचा एक ठिपका रुमालावर पडत नाही असं मशीन ज्यानं जोडलं, तो शेळ्यांमागे गेला, कारण कुणाच्या तरी टेबलावर कागद पडून होता. मशीन नापास झालं असतं तर मी गप्प बसलो असतो हो. पण तपासलंच नव्हतं अजून!

*

शेवटी एकदाचा तपासणी अधिकारी शेडमध्ये आला. तरुण, नम्र, नियमाला पक्का. रांगेतलं एक मशीन त्यानं स्वतः निवडायचं, सील करायचं आणि ते पुण्याच्या लॅबला जायचं, अशी पद्धत. नेमका शनिवार. मल्लिनाथनं सकाळीच रांगेच्या पहिल्या आणि शेवटच्या मशीनला लिंबू-मिरची बांधलेली. अधिकाऱ्यानं निवडलं पहिलं! चारही बाजूंनी फोटो काढले, हँडलमधून तार ओवली आणि सील ठोकलं. तारेत लिंबू-मिरचीचा दोराही गेला.

मल्लिनाथ पुढे झाला, "साहेब, तेवढं काढून देतो की."

"सील केल्यावर हात लावायचा नाही."

लिंबू-मिरची पुण्याला गेली!

लॅबमधून मॅडमना फोन. "फोटोत एक पिवळा आणि सात हिरवे पार्ट दिसतायत. तुमच्या पार्ट लिस्टमध्ये ते नाहीत."

"सर, ते लिंबू-मिरची आहे."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग, "लिस्टमध्ये घाला. नमुन्यावर आहे म्हणजे मशीनचा भाग आहे."

मी फोन ओढून घेतला. "अहो साहेब, मिरचीचा आणि धुराचा संबंध काय?"

"संबंध आम्ही ठरवतो. तुम्ही लिस्ट पाठवा."

मॅडमनी लिहिलं, लिंबू, पिवळे, एक नग. मिरची, हिरवी, सात नग. दोरा, काळा. बनावट, स्थानिक. पुढे रकाना होता, 'भागाचे कार्य'. मॅडमनी मल्लिनाथकडे बघितलं. मल्लिनाथ म्हणाला, "लिवा, संरक्षण."

मशीन पहिल्या झटक्यात पास झालं. पण पास झालेल्या मशीनचं सर्टिफिकेटही टेबलाटेबलावर मुक्काम करत, लग्नाची पहिली तिथी तोंडावर आल्यावर आलं. त्याच दिवशी मंडपवाला टेंभुर्णीहून ट्रक घेऊन स्वतः हजर. माल ट्रकमध्ये चढवणार, तेवढ्यात तोच अधिकारी दारात. विकायचा प्रत्येक नग मंजूर नमुन्यासारखाच हवा, तेवढं बघायला आलेला. हातात सर्टिफिकेटला जोडलेली आमचीच पार्ट लिस्ट.

पहिल्या मशीनपाशी थांबला. "यावर संरक्षण नाही."

"काय नाही?"

त्यानं लिस्टवर बोट ठेवलं.

मी काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. मल्लिनाथ कन्नडमधून बोलला, तेही नाही. पण ट्रक उभा होता आणि मंडपवाला घड्याळ बघत होता. मल्लिनाथ गाडी काढून मंडईत गेला, पोतंभर लिंबं-मिरच्या घेऊन आला. आख्खी शेड मांडी घालून मिरच्या ओवायला बसली. मंडपवाला थोडा वेळ बघत राहिला, मग बाह्या सारून तोही बसला. "आण हिकडं ती सुई, माझ्याच मालाला बांधायचं हाय न्हवं!"

अधिकारी एकेक मशीन मोजत, टिक करत पुढे सरकत होता. लिंबू एक, मिरच्या सात, दोरा काळा. टिक. लिंबू एक, मिरच्या सात, दोरा काळा. टिक. रांगेच्या शेवटच्या मशीनला आम्ही हात लावला नव्हता, त्याला मल्लिनाथनं त्या शनिवारी बांधलेलं होतंच.

तिथे तो थांबला. वाकून बघितलं. लिस्ट बघितली. परत वाकला.

"ही मिरची लाल आहे. सर्टिफिकेटमध्ये हिरवी लिहिलंय."

मल्लिनाथनं हात जोडले. "साहेब, तुमी नमुना नेला तवा हिरवीच होती की! तुमचं सर्टिफिकेट येईस्तोवर पिकली!"