करीमचाचांची दोन नाकं

तिसऱ्यांदा फोटो काढला आणि तिसऱ्यांदाही करीमचाचांना दोन नाकं आली.

फोटो पासपोर्टचा होता. दुसरीकडून काढून आणलेला ऑफिसानं 'चेहरा अस्पष्ट' म्हणून परत केलेला. चाचांची मुलगी मस्कतला, पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. चाचीचा पासपोर्ट तयार होता, पण चाचांना सोडून जायला ती तयार नव्हती. "ह्यांना घास कोण भरवणार?" एवढंच म्हणायची. चाचा पूर्वी आमच्या गल्लीच्या टोकाला छत्र्या दुरुस्त करायचे. मग कंपवात झाला. हात थरथरायचे आणि मान सारखी 'नाही नाही' म्हटल्यासारखी हलत राहायची.

स्टुडिओ सदाशिव पेठेतला. मी तिथली फोटोग्राफर, वय सव्वीस, अक्कल त्याहून कमी. नुकतीच नवी जर्मन लेन्स हातात आली होती. तिच्यावर रोज मऊ फडका फिरवायची. सासूबाईंच्या चष्म्यावर कधी फिरवला नव्हता. फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर आला की फोकस चुकला, असं माझं ठाम मत. म्हणून टेपनं अंतर मोजलं. ट्रायपॉडला विटा बांधल्या. चौथा फोटो काढला. पुन्हा दोन नाकं.

आमचे मालक नाना यांनी प्रिंट उजेडात धरली.

"लेन्स भारी आहे हो बाई तुमची. खुर्चीची नक्षी काय सुरेख आलीये! पासपोर्ट खुर्चीला मिळतो का, विचारा."

टोमणा होता, पण निदानही त्यातच होतं. फोकस चुकला तर चेहरा धूसर येतो, पण मागचं किंवा पुढचं काहीतरी लख्ख असतं. कॅमेरा हलला तर सगळंच एका दिशेनं फरफटतं. आणि खुर्ची लख्ख, माणूस दुहेरी, म्हणजे माणूस हलला. आमच्याकडे तेव्हा फ्लॅश नव्हता, मोठे दिवे होते. तेवढ्या उजेडात शटर, म्हणजे कॅमेऱ्याची पापणी, जरा जास्त वेळ उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात चाचांची मान इकडून तिकडे.

"चाचा, जरा मान घट्ट धरा ना," मी शहाणपणानं म्हणाले.

"बेटी, मी कुठं हलवतोय? तीच हलवते मला."

ओशाळून मी त्यांची कॉलर नीट करायला गेले. तेव्हा लक्षात आलं. गाल गुळगुळीत. कुठे कापल्याची खूण नाही.

"चाची, ह्यांची दाढी कोण करतं?"

"मीच. न्हावी घाबरतो."

"वस्तऱ्यानं?"

"मग काय विळीनं?"

"अहो, पण मान हलते की!"

"झोपाळा टोकाला गेला की थबकतो का नाही? ह्यांची मान उजवीकडं गेली की तशीच थबकते. तेवढ्यात एक हात फिरवायचा. हलली की वस्तरा वर."

ही बाई रोज सकाळी नवऱ्याच्या गळ्यावर वस्तरा चालवत होती, आणि मी विटा बांधत होते.

मी चाचांची खुर्ची त्यांच्या डावीकडे जराशी वळवली. आता मान उजव्या टोकाला थबकली की चेहरा बरोबर समोर येणार होता. लांबून शटर दाबायची वायर असते, ती चाचीच्या हातात दिली.

"मला नाही येत ताई हे."

"वस्तरा समजा."

चाचीनं ओठ घट्ट मिटले. नजर चाचांवर. खट्.

"अजून एक काढून ठेवू," मी म्हणाले.

"कशाला? आला की," चाची म्हणाली आणि वायर माझ्या हातात देऊन चाचांची टोपी शोधायला लागली.

प्रिंट पाहिली. भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा. नाक एकच.

ऑफिसानं मुकाट्यानं फोटो ठेवून घेतला. दोघं बाळंतपणाआधी पोहोचली. पुढे मस्कतहून एक रंगीत फोटो आला, जावयानं काढलेला. चाचांच्या शेजारी पाळणा. पाळणा लख्ख, नात लख्ख, चाचांना दोन नाकं.

नानांनी चष्मा वर सरकवून तो पाहिला. "जावयाचीही लेन्स भारी दिसतेय."

तेव्हापासून फोटो सॉफ्ट आला की मी आधी माणसाकडे बघते, मग लेन्सकडे. लेन्स आठवड्यातून एकदा पुसली तरी चालते, हेही कळलं. उरलेले दिवस तो फडका सासूबाईंच्या चष्म्याला मिळाला.