ऑजाइटला मारलेला ऑइलपेंट

श्रावस्ती मॅडमचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतंय. राग त्यांचा न्हाय, आमच्या कॉलेजचा. म्या महारुद्र, तिथल्या भूगर्भशास्त्राच्या लॅबमधला शिपाई.

मॅडम अणदूरच्या. त्यांची आई बनाबाई जळकोटकडं हायवेच्या कामावर खडी फोडायची. लेक त्याच दगडाचं शास्त्र शिकून आमच्याकडं शिकवायला आली. शिकताना सहलीत सौराष्ट्रातनं ऑजाइट नावाच्या खनिजाचा लिंबाएवढा काळा खडा त्यांनी रुमालात बांधून आणलेला. आधी आईच्या हातावर ठेवला आन् म्हणल्या, तू फोडतीस त्या काळ्या दगडात हेच असतंय, फकस्त डोळ्याला दिसत न्हाय इतकं बारीक. म्हातारी गेली. खडा लॅबच्या कपाटात राहिला.

ऑजाइट आन् त्याच्यासारखाच दिसणारा हॉर्नब्लेंड, दोन्ही खडे काळेच. वळखायचे तुटल्या जागेवरनं. ऑजाइटचा कोपरा जवळजवळ काटकोनात तुटतो, दुसऱ्याचा तिरका. खडबडीत चिनीमातीच्या फरशीवर घासला की ऑजाइटची फिकट, हिरवट-राखाडी रेघ उठते. इतकी वर्षं ऐकून मलाबी पाठ झालंय.

तपासणीवाले यायचे म्हणून कार्यालयातल्या कृष्णराज साहेबांनी रंगारी बोलावला. बाकडी झाली, डब्यात काळा रंग उरला. साहेब म्हणले, दगडं मळकी दिसतेत, त्यास्नीबी मारा एक हात. आरं, शेंदूर फासायला त्यो काय म्हसोबा हाय? सगळे खडे चकाचक, एका माळेचे मणी. आन् दुसऱ्या दिवशी पोरांची प्रॅक्टिकल परीक्षा! ह्या अकलेला काय म्हणावं?

मॅडमनी थिनर लावून लई घासलं. रंग फटीफटीत मुरलेला. फरशीवर रेघ उठायची ती रंगाचीच. पोरं कशावरनं वळखणार? शेवटी त्यांनी हातोडी मागितली. म्या देईना. दुसरा कुठला तरी फोडा म्हणलो, पण परीक्षेला ऑजाइटच लागायचा, आन् लॅबमधी त्यो मॅडमनी आणलेला तेवढा एकच. एका घावात फुटला. आतला कोपरा काटकोनी, रंग न लागलेला. पोरांची परीक्षा त्या तुकड्यांवर पार पडली. मॅडमच्या डोळ्याला मातर दिवसभर पदर होता.

तपासणी झाल्यावर साहेब लॅबमधी आले, तुकडे बघून हसले. "एवढं काय मनाला लावून घेता मॅडम, दगडच तर होता."

"व्हय, दगडच," मॅडम म्हणल्या. "माझ्या आईनं जन्मभर फोडला. मला एक तरी न फोडता ठेवायचा होता."

माफी मागायची सोडून साहेबांनी मला चहा सांगितला. म्या आणला न्हाय.